आत मुडपलेली पानं

४ मार्च
आधी सगळ्यांच्या तब्येती. कदिरेसनची कंबर सुटली, लेक माझा पुन्हा लॉरीवर जायला लागला. सुनेचा, म्हणजे मलरचा, तेलाने पोळलेला अंगठा सुकला. तिच्या आईचा गुडघा मात्र तिकडे तैपिंगला फुगून बसलाय. यिप मास्तरांचा खोकला आहे तिथेच — चाळीस वर्षं कोपऱ्यातल्या टेबलावर जेवतायत, त्यांचा खोकलाही आता आमचं गिऱ्हाईक. पाट्याला टाकी लावून घेतली, तोही खूश.

राहिले मी. पोंगलच्या सणात ताप आला तेव्हापासून जिभेला चव नाही, नाकाला वास नाही. कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी. कुणाला बोलले नाही, वही, तुलाच सांगते. सबंध इपोह शहरात पाक्कियमचं माशाच्या डोक्याचं कालवण म्हणून नाव, आणि पाक्कियमलाच त्यात मीठ आहे की नाही कळत नाही!

हात जातो तेवढं घालते. चव मग पानांवर बघते. जेवण झाल्यावर केळीचं पान माणसाने आपल्याकडे मुडपलं, म्हणजे तृप्त. बाहेर लोटून मुडपलं, म्हणजे नाराज. बोलणारी तोंडं खोटं बोलतील, पान नाही बोलत.

६ मार्च
एक बाई येणार आहेत, १६ तारखेला दुपारी. जगभरातल्या उत्तम भारतीय हॉटेलांवर पुस्तक करतायत. लंडनचं एक, दुबईचं एक, आणि इपोहचं आमचं, सहा टेबलांचं.

मास्तर म्हणाले, "भारतीय म्हणे! पाक्कियम, तू भारत पाहिलास तरी का?"
"रबराच्या मळ्यात जन्मले, तिथून पाटा घेऊन इथे आले. एवढाच माझा भारत."
"मग त्या बाईला पाटाच दाखव."

मलर नाचतेय. मी हसले. मग दिवस मोजले, दहाच राहिले.

७ मार्च
सगळी पानं आत.

१० मार्च
मास्तरांनी पान मुडपलंच नाही, तसंच टाकून उठले. मागे धावले.
"काय झालं हो मास्तर? कमी पडलं काही?"
"दात पडला. पानात शोधत होतो. आता पानातही नाही, तोंडातही नाही. काय ते समज."

एवढं हसले की डोळ्यांत पाणी आलं. पण असं किती दिवस जगायचं? माणसं जेवतात नि मी चोरासारखी त्यांच्या हाताकडे बघते.

१३ मार्च
आज संपलं.

मलर पहाटेच्या गाडीने माहेरी गेली, आईच्या गुडघ्यासाठी. मी एकटीच चुलीपाशी. दुपारी एक मोठं कुटुंब आलं, अकरा माणसं. टेबलं जोडून बसली. गुमान जेवली, कालवण दोनदा मागून घेतलं, पोरंसुद्धा दंगा करेनात. आणि उठताना अकराच्या अकरा पानं बाहेर मुडपलेली! एक आत नाही. वर त्यांच्यातला मोठा मला हात जोडून गेला. तो नमस्कार जास्त लागला.

काय घातलं मी त्यात? मीठ दोनदा? चिंच विसरले? भर दुपारी दार ओढून घेतलं नि उरलेलं सगळं कालवण मोरीत ओतलं. तांबोशीची आठ डोकी. एकेचाळीस वर्षांत अन्न टाकलं नव्हतं.

संध्याकाळी मलर आली. तिच्या हातात डाव दिला. म्हटलं, "१६ तारखेला तू रांध. पुढेही तूच."
"अत्तै, थट्टा करताय का?"
"थकले गं."
ती मोरीकडे बघत राहिली. भेंडीच्या दोन फोडी जाळीवर अडकल्या होत्या.

१४ मार्च
मलरचं कालवण सगळ्यांना आवडलं. पानं आत. मी गल्ल्यावर बसले, हातांना काय काम द्यावं कळेना.

मास्तर येऊन समोर बसले. "काल दार का लावलंस?"
सांगितलं — जिभेचं नाही, पानांचं सांगितलं.
मास्तर आधी खोकले, मग हसले. म्हणाले, "अगं, ती पोस्टातल्या वीरप्पनची मुलं. काल बापाचा सोळावा झाला. सोळा दिवसांनी मासे खायला मोकळी झाली आणि घास पहिला तुझ्याकडे घ्यायचा म्हणून आली, बापाला तुझं कालवण आवडायचं ना! गेलेल्या माणसाच्या नावाने जेवल्यावर पान कुठे मुडपतात?"
"बाहेर," मी म्हटलं.
"मी चिनी माणूस, नि तुमचे रिवाज तुला मी सांगू?"

नवऱ्याच्या सोळाव्याला मीच बाहेर मुडपलं होतं पान. आणि काल आठवलं नाही! मनात मिठाचंच भूत बसलेलं, दुसरं काही दिसलंच नाही.

वीरप्पनचा मोठा लेक मास्तरांना म्हणाला म्हणे, अप्पा समोर बसून जेवतायत असं वाटलं.

तरी डाव परत मागितला नाही. मलरच्या हाताला चव आहेच. माझा काल एक दिवस नशिबाने साधला असेल.

१६ मार्च
अत्तै, हे अक्षर माझं आहे, मलरचं. तांदळाच्या डब्यामागची वही वाचली, हवं तर रागवा. मोरीतलं कालवण बघितल्यावर राहवलं नाही.

जिभेचं मला जानेवारीतच कळलं होतं. फोडणीत मेथी करपली आणि तुम्ही गुणगुणत ढवळत होतात. तेव्हापासून तुमची पाठ वळली की रोज चमचाभर चाखते. दोन महिन्यांत चारदाच हात घालावा लागला. पण १३ तारखेला मी तैपिंगला होते, अत्तै. त्या दिवशी चाखायला कुणीच नव्हतं, ते कालवण निव्वळ तुमच्या हाताचं.

पाहुणी दुपारी येईल. डोकी धुऊन ठेवलीत, डाव तुमच्या खिळ्याला लावलाय. चाखायचं काम माझं.

मी अंगणात मिरच्या निवडतेय. तोंडाने बोलायला तुम्हाला जड जाईल, म्हणून हो की नाही, ते इथेच खाली लिहा. पण लवकर लिहा, चूल पेटवायची वेळ झाली.