रुदैनाच्या गाडीतली शिट्टी

१० ऑक्टोबर

आजच्या वरातीचा खरा खर्च — अर्धी टाकी पेट्रोल, माझा घसा, आणि बहुतेक रुदैनाच्या गाडीचा गिअरबॉक्स!

भाच्याची वरात जोफे टेकडीच्या चढावर अडकली. पुढे ढोल, मागे भोंगे. आणि माझी लेक रुदैना ब्रेक सोडून, नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून उभी! आम्ही अम्मानचे लोक असेच. वरातीत चढावर ब्रेकचा लाल दिवा दिसला की मागचे हसतात. जुन्या गाड्यांचा क्लच सोसायचा ही मिजास. हिच्या जपानी गाडीच्या गिअरबॉक्समध्ये दोन कप्प्यांवर फिरणारा पोलादी पट्टा. तेल तापलं, पट्टा घसरला, की संपलं.

घरी येताना बारीक शिट्टी ऐकू आली.

११ ऑक्टोबर

सकाळी किल्ली काढून घेतली.

"बाबा, शाळेच्या बाया वाट बघतायत! मला तर काहीच ऐकू येत नाही."

"तुला कसं येणार? एका टॅक्सीच्या तीन केल्या त्या या कानांच्या जोरावर. गिअरबॉक्स शिंकायच्या आधी मला कळतं!"

नवरा गेल्यापासून त्या चार शिक्षिकांच्या भाड्यावर तिचं घर चालतं. म्हणूनच तर! गिअरबॉक्स गेला तर नवा कुठून आणणार ती?

१३ ऑक्टोबर

शिट्टी आहे. बायको शेजारी बसून म्हणते, नाही.

१४ ऑक्टोबर

हागोप मेस्त्रीकडे नेली. त्यानं तेल बोटांवर चोळलं, हुंगलं. "स्वच्छ आहे, अबू रुदैना," लेकीच्या नावानंच हाक मारतो तो मला. " जळका वास नाही. पोरगी नीट चालवते — थांबली की ब्रेक, रिव्हर्समधून पुढे घेताना आधी गाडी पूर्ण उभी, थंडीत निघाल्या निघाल्या पिळत नाही. एका वरातीनं पट्टा मरत नाही रे."

"आणि ही शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

"म्हातारा झालास हागोप! कान गेले तुझे."

"जाऊ देत. मी हातानं बघतो."

१७ ऑक्टोबर

शिक्षिकांनी दुसरी गाडी धरली. शेजारणीकडून कळलं. रुदैनानं चहा आणून ठेवला, कपाकडे बघतच परत गेली. भांडली असती तर बरं होतं.

१८ ऑक्टोबर

आज मीच चालवली. चढाला पाय हलका, उताराला घाई नाही, सिग्नलला ब्रेक. अंड्यांची टोपली नेल्यासारखी! तरी शिट्टी वाढलीच.

हागोपच्या दारात उभी करून आलो. म्हटलं, "गिअरबॉक्स उघड आता. माझ्या जबाबदारीवर."

"देव तुला अक्कल देवो," म्हणाला.

१९ ऑक्टोबर

गाडी हागोपकडेच आहे. दुपारी खिडकीशी एकटाच बसलो होतो.

शिट्टी चालू होती.