तू वारल्यानंतरची हकिकत

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. गुडघे कसे आहेत? लेकीकडची हवा मानवली का? जावईबापू अजून जेवताना पेपर वाचतात का? माझं बरं चाललंय. डावा कान पुरता गेला, पण उजव्याला तरी ऐकण्यासारखं इथे काय उरलंय? पुढचं बसून वाच, कारण इथल्या सगळ्यांच्या मते तू वारली आहेस.

त्याचं असं झालं. गाडीचा इथला थांबा बंद झाला, तशी तू स्टेशनाबाहेरच्या आपल्या चहाच्या हॉटेलला कुलूप लावून, माझ्याशी चकार शब्द न बोलता पहाटेच्या बसने गेलीस. मग मी आठ दिवस घराबाहेर पडलो नाही की दाढी केली नाही. नवव्या दिवशी शेजारचा शिंपी आला, माझं थोबाड बघितलं आणि काही न विचारता माझा हात हातात घेतला. मला रडूच कोसळलं. (तू धडधाकट असताना, हे कबूल.) संध्याकाळपर्यंत तीन घरांतून जेवणाचे डबे आले आणि दुसऱ्या दिवशी वाचनालयात शोकसभा. जन्मभर तुझ्या चहाला पांचट म्हणणारे स्टेशनमास्तर त्याच चहावर पाऊण तास बोलले आणि शेवटी डोळे पुसत खाली बसले. सगळे तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलत होते की मध्येच उठून 'अहो, ती जिवंत आहे' म्हणणं मला बरं दिसेना. आणि एकदा राहिलं ते राहिलंच.

आता वारलीस म्हटल्यावर भूत ओघानंच आलं. दुपारी तीन-दहाची गाडी न थांबता धडधडत जाते, तेव्हा बंद हॉटेलात कप वाजतात. कौलांतून धूर निघतो. शिंप्याने खिडकीत काहीतरी पांढरं पाहिलं. न्हावी तर दर गिऱ्हाइकामागे भुताची उंची वीतभर वाढवतो. ट्रकवाले तिथे हॉर्न दाबून सुसाट सुटतात. फक्त रिटायर झालेला म्हातारा इंजिन ड्रायव्हर मानत नाही. म्हणतो, "भूत असेल, पण बाईंचं नाही. बाई असत्या तर ओरडल्या असत्या." तुझ्याबद्दलचं एवढं खरं बोलणं शोकसभेतही झालं नव्हतं.

रस्ता रुंद करायचाय म्हणून हॉटेल पाडणार आहेत. मजूर दोनदा आले आणि कप वाजताच पहारी टाकून पळाले. आता कंत्राटदार सोमवारी परगावचं मशीन आणतोय. मशीन चालवणाऱ्याला म्हणे यातलं काही सांगायचं नाही असं ठरलंय.

कपांवरून आठवलं. (आठवलं कसलं, दोन पानं टाळतोय.) थांबा बंद होणार हे मला तीन आठवडे आधी ठाऊक होतं. रुळांचे सांधे बदलणाऱ्या माझ्यासारख्या सांधेवाल्याला नाही कळणार तर कुणाला? नवं वेळापत्रक माझ्या खिशात होतं आणि तू समोर चार डझन नवे कप पुसून फळीवर मांडत होतीस. इतकी खूश होतीस, माझं तोंडच उघडेना. माझं चुकलं, ताई.

घरातल्या लहानांना आशीर्वाद सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : भूत मी आहे. जादा किल्ली माझ्याकडेच राहिली होती. तू सिग्नल पडला की आधण ठेवायचीस, तसं मी रोज ठेवतो. पांढरं म्हणजे तुझा एप्रन. दोन कप मांडतो. तुझा गार होतो, मग तोही मीच पितो. (मास्तर म्हणायचे तसा पांचट.) फळीवरचे कप मात्र मी वाजवत नाही. थांबणारी गाडी हळू यायची, म्हणून तुझ्या वेळी ते कधी वाजले नाहीत. आता एकदम सगळेच वाजतात आणि मला तिथे बसवत नाही.

ता. क. २ : सोमवारच्या आधी ये. पुढच्या जंक्शनला उतर, तिथे गाडी थांबते. तुला निरोप द्यायला आलो नव्हतो, घ्यायला येईन. तुला बघून गाव पळेल, पळू दे. हॉटेलच्या दारात उभी राहा आणि माझ्यावर पोटभर ओरड. इंजिन ड्रायव्हरची खात्री पटेल. माझीही. फक्त उजव्या बाजूला उभी राहा.