ठाण्याचं कॉलेज बघून आले

प्रिय सुनंदा,

जिवंतपणी तुला कधी ‘प्रिय’ म्हटलं नाही, आता चालवून घे. आधी सासूने जायचं असतं, मग सुनेने; तू नंबर मोडून पुढे घुसलीस! आज तुझ्या सायलीबरोबर ठाण्याला जाऊन आले. जे बघितलं ते ऐकणारं माणूस घरात नाही, म्हणून लिहितेय. तुझा नवरा ऐकताना मोबाइल बघतो.

बारावीनंतर विजयने पोरीला इथे कल्याणातच घातलं. का? तर चालत जाता येतं. आपल्याकडे कॉलेज आणि पिठाची गिरणी एकाच मापाने निवडतात! तिचा झाडापानांचा विषय तिथे शेवटच्या वर्षाला शिकवतच नाहीत, हे आधी कोणी विचारलं? वर्ष संपल्यावर कळलं. ठाण्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला एक जागा रिकामी आहे, तर हा म्हणतो, “कॉलेज काय चप्पल आहे बदलायला? घेतलंय ते पुरं कर.”

पोरगी बोलेना, धड जेवेना. म्हटलं, चल, मी बघते स्थळ.

एसटीने ठाण्यात खोपटच्या स्टँडला उतरलो, पुढे रिक्षा. मी आपल्या रीतीने बघितलं. आधी मोरी. मुलींच्या मोरीला कडी होती, नळाला पाणी होतं. मग झाडूवाल्या बाईला गाठलं. “काय गं, इथले सर-मॅडम वर्गावर जातात, की नुसता चहा पितात?”

“आजी, चहा गार होतो त्यांचा, पण जातात.”

सायली लाजेने मेली!

मग प्रयोगशाळा. तिथल्या मॅडम वयाने तुझ्याएवढ्या. त्या एक विचारत होत्या, ही उत्तर देऊन वर दोन विचारत होती. अगं, घरात ‘मीठ दे’च्या पुढे न बोलणारी ही! मॅडम खुर्चीतून उठल्या. “हे कुठे वाचलंस तू?” मी बघतच राहिले. ही आपलीच ना?

मॅडमनी मलाही त्या भिंगाच्या यंत्रापुढे बसवलं. “बघा आजी, अळूचं पान.”

अळू? जन्मभर त्याच्या शिरा काढल्या, बेसन थापलं. डोळा लावला आणि सुनंदा, पानाला तोंडं! इवली इवली, हिरवी, ओठांसकट. सायली कानाशी म्हणाली, “आजी, यातनं पान श्वास घेतं.” एवढी तोंडं आणि आवाज नाही! आपली दोनच होती, तर चाळ गोळा व्हायची.

देवळातही मी इतका वेळ गप्प बसलेली नाही. कुंड्यांचा नाद पोरीला तूच लावलास ना? मग हे बघायला थांबायला काय झालं होतं तुला?

संध्याकाळी विजयला सांगितलं. “आई, तुला कॉलेजातलं काय कळतं?”

“खडवलीला तुझ्यासाठी स्थळ बघायला गेले, तेव्हाही मोरीच बघून हो म्हटलं होतं. चुकलं का माझं?”

त्याने मोबाइल उपडा ठेवला. मग म्हणाला, “सायलीला सांग, उद्या दाखला काढायला मी येतो बरोबर.” पोरगी आतून ऐकत होती. बाहेर आली आणि सरळ ताट वाढून घेतलं.

आता माझं वचन. तिचं शेवटचं वर्ष पुरं होईपर्यंत मी तिकडे यायची नाही. बोलावणं आलंच तर दारातून परत पाठवीन. सांगीन, पोरीला ठाण्याला जायचंय, पहाटे डबा लागतो. नंतर या.

तुझी सासू,
अजून इथेच