पगार वाढला, कार्ड गेलं

४ मार्च
म्हणजे आता मीच गुन्हेगार! दादा गावाहून फोनवर म्हणतो, पगार वाढला तर गावभर कशाला सांगायचं? अरे, मी फक्त आईला सांगितलं. तिने सांगितलं ते थेट फुकट उपचाराचं कार्ड देतात त्या सरकारी खिडकीत! घरात कमावतं कोण, असं विचारल्यावर म्हणाली, "धाकटा आता मशीनवर आहे माझा." आकडाही सांगून मोकळी. कारकुनाने बेरीज केली, तुम्ही आता गरीब नाही म्हणाला. कार्ड बाद. आईच्या ऑपरेशनची तारीख गेली. पोटातली गाठ तिथेच.

तेलही गेलं, तूपही गेलं.

६ मार्च
मुकादमाला विचारलं, आपला विमा असेल ना? आहे म्हणाला — मशीनमध्ये बोट गेलं तर बोटाचे मिळतात. आणि आईचं? "मग आईलाच आण की मशीनवर." सगळे हसले. मीसुद्धा हसलो — त्याचीच जास्त चीड येते.

७ मार्च
दिवसभर मशीनवर दवाखान्यांच्या चादरी धुवायच्या. साहेबाच्या सासूचे दोन्ही गुडघे कंपनीच्या विम्यावर बदलले. सासूचे! झाडूवाल्या मावशीकडे सरकारी कार्ड. वरच्यांना आहे, खालच्यांना आहे, मधल्यांनी आजारीच पडू नये. मावशीने मशीनचं काम दोनदा नाकारलं तेव्हा आम्ही तिला येडी म्हणायचो. आज म्हणाली, "मला विचारायचंस तरी, बाबा."

८ मार्च
मुकादमाला म्हटलं, पगार कमी करा. त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

११ मार्च
दादाने वाट काढली. मी वेगळा राहतो, घराशी देणंघेणं नाही, असं लिहून दिलं की माझा पगार धरत नाहीत. आई अडून बसली. "गाठीने मेले तरी चालेल, पोराला घरातून खोडणार नाही." गाठ काय पोसणार आहेस का, म्हणून ओरडलो. तिने फोन ठेवला.

१२ मार्च
लिहून पाठवलं. अक्षर कोंबडीचे पाय, सही मात्र झकास आली. हरामखोर सही!

२० मार्च
कार्ड परत मिळालं. ऑपरेशन सोमवारी. दादाने बजावलंय — आईच्या खात्यात तुझा एक रुपया दिसला तरी कार्ड जाईल.

३१ मार्च
टाके निघाले म्हणे. आई अजून फोनवर येत नाही. आज वाढीव पगार हातात आला. घरी पाठवले — शून्य रुपये.