विणीचा माळ

कारास्योक, ९ जानेवारी

चि. रिस्तेन हिस इस्सातकाकाचे अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझा सिनेमा पाहिल्यापासून लिहायला बसलं की शिव्याच सुचतात.

माझ्याच कळपातल्या रेनडिअरच्या पाडसाचा कान तू कापलास, तोही ऑस्लोच्या दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून. कानावर कापायची आपल्या घराण्याची मालकीची खूण कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणे, मोठी काप! कापलीस. ती नेमकी शेजारच्या अंदारासची खूण निघाली. पाडस आता त्याचं. नटीबाईंनी आहेर पाठवला, असं तो दुकानात सांगत फिरतो.

आता वीज कंपनीला आपल्या विणीच्या माळावर पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत. मार्चमध्ये सुनावणी आहे आणि कळपवाल्यांनी बोलायला तुलाच निवडलं! तू मोर्चात ओरडलीस की वर्तमानपत्रं छापतात ना. पण कंपनीचा वकील त्या कानाचा विषय काढणार, सगळे हसणार आणि माळ जाणार. मग माद्यांनी विणायचं कुठे? माझी झोप उडाली आहे. तू येऊ नकोस. माया आहे म्हणूनच लिहितो.

इस्सातकाका

ऑस्लो, २० जानेवारी

ती. इस्सातकाकांस सा. न. वि. वि.

शिव्या पोचल्या. फार कमी दिल्यात, तब्येत बरी आहे ना? मागच्या सुनावणीत तुम्ही उभे राहिलात, खोकलात आणि बसलात, असं काकूने कळवलं आहे. मग बोलणार कोण, अंदारास?

त्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा मी सोडला. भर जुलैत कातडी पांघरून मी ढोल बडवावा, अशी त्याची इच्छा होती. मी येणार. वकिलाच्या आधी मीच त्या कानाचा विषय काढीन. परक्याचं ऐकून मी एक कान बिघडवला, आता परक्यांचं ऐकून तुम्ही अख्खा माळ बिघडवू नका, असं सुनावणीच्या साहेबांना सांगीन. काकूला नमस्कार. लोभ आटू देऊ नये.

रिस्तेन

कारास्योक, २ एप्रिल

चि. रिस्तेन हिस आशीर्वाद.

तू बोललीस तेव्हा मी मागच्या बाकावर होतो. बरं बोललीस, जरा कमी ओरडायला हवं होतंस. वकिलाला तोंड उघडायला जागा उरली नाही. साहेबांनी मान डोलावली, आभार मानले आणि काल परवानगी कंपनीला देऊन टाकली. त्या कोटवाल्यांपैकी एकाने तरी बर्फात विणणारी मादी पाहिली असेल तर शपथ! अंदारास माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला.

माद्या विणीला आल्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात यंत्रं येणार. आम्ही म्हातारे रस्त्यावर बसणार आहोत. पोलीस उचलून बाजूला टाकतील आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून तू ये, आणि तुझ्या ओळखीची कॅमेरेवाली गाढवंही घेऊन ये. काकू त्यांना मटणाचा रस्सा वाढेल. मी तोंड बंद ठेवीन, जमलं तर.

कधी निघतेस ते लगेच कळव.

इस्सातकाका