निवृत्तीचा गोल पलंग

आणि दोन दिवस म्हणजे किती, ते मला एकदा सांग. माझी शाळा चौथीत सुटली, पण तवर तरी दोन म्हणजे दोनच होते. "ताई, दोन दिवस ठेव, मग नेतो," म्हणून तू तो गोल पलंग आमच्या आतल्या खोलीत टाकून गेलास, त्याला गणपतीपासून सात महिने झाले. कुसगावच्या हॉटेलवाल्यानं जुनं सामान काढलं, तुला फुकट मिळालं, तुला हौस आली, आणि अडगळ मला झाली. लाल मखमलीचा, उशाशी आरसे लावलेला, नव्या नवरानवरीसाठी केलेला पलंग आमच्या भाताच्या पोत्यांखाली कसा दिसतो ते एकदा येऊन बघ. (पोती त्यावर ठेवली कारण उंदीर मखमलीवर चढत न्हाईत. तेवढा एक गुण हाय.)

तर चि. निवृत्ती यास शालूताईचे आशीर्वाद. वर द्यायचे राहिले, कारण वर राग होता. तुझी तब्येत बरी असंल, तुझ्या बायकोची, अनिताची, कंबर दुखायची राहिली असंल. हितं सगळी खुशाल हायेत, फक्त झोपलेलं कुणी न्हाई. तू फोन उचलत न्हाईस. माझं नाव दिसलं की तुझा फोन आजारी पडतो, म्हणून हे पत्र दुधाच्या गाडीबरोबर धाडतीया. गाडीवाला तुझ्या हातात देईल, खिशात घालून विसरू नकोस.

तुझी भाची अपेक्षा सातव्यात ओटी भरून बाळंतपणाला घरी आली, हे तुला ठाऊक हाय. आता आठवा सरत आला. तळेगावच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, आता पाठीवर झोपायचं न्हाई, डाव्या कुशीवरच झोप. सांगायला काय जातंय. पुढल्या खोलीतली लोखंडी कॉट भिंतीला लागून हाय. दक्षिणेला उशी केली आणि पोर डावीकडं वळली की तिचं नाक भिंतीला टेकतं. म्हणती, "आई, जीव घुसमटतो." कॉट ओढली तर दार उघडत न्हाई. मग उशी पायथ्याला नेली तर तोंड खोलीकडं आलं, पण डोकं उत्तरेला गेलं. उत्तरेला डोकं कुणाचं करतात ते तुला सांगायला नको. पोटुशी पोर मी तशी निजवणार न्हाई, डॉक्टरीणबाई काय म्हणायचं ते म्हणोत. खाली अंथरलं तर तिला उठवायला दोन माणसं लागतात, आणि ती तासाला एकदा उठती.

उशांचं वेगळंच. एक डोक्याखाली, एक गुडघ्यांत, एक पोटाखाली, एक पाठीशी. घरात उशा चारच. तुझे दाजी घोंगडीची वळकटी घेऊन झोपतात आणि सकाळी मान वाकडी करून मळ्यात जातात. लोकांना वाटतं रुसलेत. मी हात उशाला घेते. एवढं करून पोरीची पाठ टेकली की पोटातलं उठतं. ते निजलं की पोटरीत गोळा येतो. गोळा चोळून काढला की छातीत जळजळतं, मग थंड दूध, मग दूध प्यायलं म्हणून परत उठायचं. तिच्यापाठी मीबी उठते. बारा दिवस झाले. काल मी चहात मीठ घातलं आणि दाजींनी तो तसाच प्यायला, एवढी आमची सगळ्यांची दशा झालीया.

आता खरी बेअब्रू ऐक. परवा दुपारी हितं भट्टी पेटल्यागत ऊन. पोर म्हणली, "जरा वाऱ्याला जाते," आणि बेगडेवाडी स्टेशनाच्या बाकावर जाऊन बसली. बसल्या बसल्या डावीकडं कलंडली ती झोपलीच. दोन लोकल गेल्या तरी जाग न्हाई. मी गावभर हुडकत फिरले. जाऊन बघते तर शेजारी बसलेली बाई तिला पदरानं वारा घालतीया आणि मला म्हणती, "पोरीला निजायला घरात जागा न्हाई व्हय?" ही बातमी सोमाटण्याला, तिच्या सासरी, माझ्या आधी पोचली. संध्याकाळी विहीणबाई येसूबाईंचा फोन. "आमच्याकडं मोठी गादी हाय, खोली मोकळी हाय. रविवारी आमचा अमृत येऊन तिला परत घेऊन जाईल, बाळंतपण हितंच करू." बोलल्या गोडच. गोड बोलण्यावर भांडता येत न्हाई, हीच तर पंचाईत.

निवृत्ती, माझ्या पहिल्या बाळंतपणाला माहेर न्हवतं. आई आधीच्या उन्हाळ्यात गेलती, तू तवा दप्तर घेऊन शाळेत जात होतास. सासरी चुलीमागं मी बाळंत झाले आणि भाकरी करायला पाचव्या दिवशी उठले. तवाच ठरवलं होतं, माझी पोर माझ्या घरातनं बाळंत होईल आणि चाळीस दिवस उठणार न्हाई. ते आता तुझ्या पलंगामुळं बुडतंय. आतली खोली मोकळी झाली तर कॉट मधोमध बसती, उशी दक्षिणेला आणि तोंड मोकळ्या वाऱ्याला. तवा शनिवारी टेम्पो घेऊन ये आणि पलंग ने. न्हाई आलास तर करवत घरात हाय. त्याच्या ढलप्यांवर बाळंतिणीचं पाणी तापवीन, आणि आरसे म्हशीच्या गोठ्याला लावीन.

मंगळवारी लिहिलं.
तुझी ताई, शालू

ता. क. बुधवार. दुधाची गाडी काल आली न्हाई, ते बरं झालं. तू शनिवारी येणार म्हणून मी सकाळी पलंगावरची पोती उतरवली आणि मखमल झाडली. अपेक्षा दारात बघत उभी होती. म्हणली, "दोन मिनिटं टेकते." टेकली, डावीकडं वळली. इकडं भिंत वाटली तर जराशी सरकली, तिकडं ऊन लागलं तर आणखी सरकली, घड्याळाच्या काट्यागत. डोकं शेवटी कुटं गेलं म्हणून विचारशील तर गोल वस्तूला उशी-पायथा न्हाई. (दिशा असती. पण झोपलेल्या पोरीला उठवून ती सांगायला मी जाणार न्हाई.) चार तास झोपली. मी कुकर लावला न्हाई, म्हशीच्या गळ्यातली घंटा फडक्यानं बांधली, आणि दाजींना खोकायला मळ्यात धाडलं. तवा पलंग नेऊ नकोस.

ता. क. दुसरं. गुरुवार. गाडी कालबी आली न्हाई. येसूबाई रविवारची वाट न बघता आज सकाळीच रिक्षानं आल्या, पोरीचं सामान बांधायला. आरसे बघून पदर तोंडाला लावला. मग, "सुनेला हे टोचत तर न्हाई ना," म्हणून बघायला तिच्या शेजारी आडव्या झाल्या. आता दुपार उलटली, दोघी घोरतायत. मधी एकदा डोळे उघडून विहीणबाई म्हणल्या, "शालूबाई, पोर हितंच राहू द्या." आणि परत वळल्या. कधी जाणार ते बोलल्या न्हाईत. बाळंतपण माझ्या घरात होणार, हे ठरलं. पण पलंगावर तिसरीला जागा हाय आणि चौदा दिवस न झोपलेली मी दारात उभी राहून पत्र लिहितीया.

ता. क. तिसरं, आणि हेच खरं. दाजींनी मला न विचारता काल तुला कुसगावला निरोप धाडला, की शनिवारी टेम्पो आण. (आयुष्यात एकदा सांगितल्याबरोबर काम केलं, ते हे.) तो निरोप मानू नकोस. पोर बाळंत होऊन तिचे चाळीस दिवस भरले की मग ने, तवर पलंग माझा. त्याची गोल चादर अनितानं घडी घालून ठेवलीया, मला ठाऊक हाय, ती धाड. मी दोन लुगडी टाचून घातलीत, ती सारखी निसटतात. टेम्पो आणणार न्हाईस, हे शुक्रवारच्या संध्याकाळपर्यंत दुधाच्या गाडीबरोबर लिहून कळव. फोन करू नकोस, बेल वाजली की त्या दोघी उठतील.