कारणाच्या रकान्यात एक ओळ पुरत नाही

प्रति,
मा. नोंदणी प्राधिकारी,
मोटार वाहन विभाग,
रत्नागिरी.

अर्जदार : स्वरूप आत्माराम गोताड, वय ३८ वर्षे, व्यवसाय मालवाहतूक,
मु. कातळगाव, मधलीवाडी, ता. जि. रत्नागिरी.

विषय : मालवाहू ट्रकचे इंजिन बदलण्यास पूर्वपरवानगी मिळणेबाबत, तसेच विहित नमुन्यातील ‘इंजिन बदलण्याचे कारण’ हा रकाना एका ओळीत भरता येत नसल्याबाबत.

संदर्भ : १) दि. २४ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या खिडकीवर दिलेला व पाच मिनिटांनी तिथूनच परत मागून घेतलेला माझा अर्ज.
२) सहाचाकी ट्रक, सन २००६, क्रमांक सोबतच्या नोंदणी पुस्तकाप्रमाणे.

महोदय,

१. संदर्भ क्र. १ चा अर्ज मी परत का नेला, हे खिडकीवरील मॅडमनी मला विचारले होते. तेव्हा मी ‘झेरॉक्स राहिली’ असे सांगितले. झेरॉक्स राहिली नव्हती. या अर्जात जे काही लिहायचे आहे त्याची सुरुवात या लहान दुरुस्तीपासून करतो.

२. सदर ट्रक माझे वडील श्री. आत्माराम गोताड, म्हणजे आप्पा, यांनी नवा घेतला व चौदा वर्षे स्वतः चालवला. नंतर डोळ्यांमुळे त्यांनी स्टिअरिंग सोडले आणि नोंदणी माझ्या नावे करून दिली. गावात मात्र तिला आजही आप्पांची गाडी असेच म्हणतात. मिरकरवाडा बंदरातून मासळी, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, एरवी जांभ्याचा चिरा, असे तिचे काम. चालवणे माझ्याकडे आले तरी ऑईल बदलणे, ग्रीसिंग आणि नटबोल्ट आवळणे आप्पांनी कोणाकडे दिले नाही. डोळ्यांनी नीट दिसत नसले तरी बोल्ट किती आवळला गेला हे त्यांना हाताला कळते.

३. दि. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी कोल्हापूरहून परतताना आंबा घाटाच्या अलीकडे इंजिन जाम झाले. तेव्हापासून गाडी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभी आहे. आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक, अपघातात मोडलेल्या एका ट्रकचे चांगले इंजिन आमचे मेस्त्री रघू यांनी चिपळुणात पाहून ठेवले आहे, ते बसवणे. त्याची कागदपत्रे पूर्ण असून सोबत जोडली आहेत. दुसरा, आमची गाडी भंगारात देऊन कोल्हापूरच्या बाजारातली वापरलेली पण अलीकडची गाडी घेणे. एका घरातला हा प्रश्न घरातच सुटायला हवा होता. तीन महिने झाले, सुटलेला नाही, आणि आंबा तोंडावर आला आहे.

४. गाडी चालू होती तेव्हाही या विषयावर आमचे दोन पक्ष होते. आप्पा म्हणायचे, उद्या गरज पडली तर इंजिन बदलू, गाडीचा सांगाडा लोखंडासारखा आहे. (तो लोखंडाचाच आहे. पण आप्पांपुढे हे बोलायची सोय नाही.) मी म्हणायचो, दुसरी गाडी घेऊ. तीत पॉवर स्टिअरिंग असते, केबिनमध्ये गारवा असतो, घाटात वळण घेताना खांदे निखळत नाहीत. आता पक्ष उलटले आहेत. मी इंजिन बदलू म्हणतो आणि आप्पा गाडी विका म्हणतात. या उलटापालटीचे कारण हेच आपल्या नमुन्यातील रकान्याचे खरे उत्तर आहे.

५. त्या रकान्यात रघू मेस्त्रींनी माझ्या वतीने ‘जीर्ण झाल्याने’ असे लिहिले होते. सगळेच तसे लिहितात असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. खिडकीवर मॅडमनी राहिलेली सही करायला सांगितली, मी पेन टेकवले तेव्हा खालचे वाक्य वाचले, ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.’ अशा वाक्याखाली मी आजवर पन्नास सह्या न वाचता केल्या असतील. त्या दिवशी पेन पुढे सरकेना. इंजिन जीर्ण झाले नव्हते. ते आणखी पाच-सहा वर्षे सहज चालले असते.

६. प्रत्यक्षात घडले ते असे. २१ नोव्हेंबरला सकाळी मासळी उतरवून मी कोल्हापुरात वापरलेल्या गाड्यांच्या एका बाजारात गेलो. आप्पांना सांगितले नव्हते. तिथे एक २०१९ ची गाडी होती. मी तिच्या केबिनमध्ये अर्धा तास बसलो. निघताना आमच्याच गाडीचे चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे तेल साठवायचे भांडे, तिथल्या एका दगडाला घासले. आवाज मी ऐकला. उतरून पाहिले नाही, कारण मन अजून त्या दुसऱ्या गाडीत होते. मलकापूर सोडल्यावर ऑईलचा लाल दिवा लागला.

७. घरी मी असे सांगितले की गाडीत परतीचा माल होता, वेळेवर पोहोचवायचा होता, म्हणून थांबता आले नाही. गाडी रिकामी होती. थांबायला जागा होती, चहाची टपरी होती, तिच्याशेजारी गॅरेजही होते. मी दिव्याकडे पाहिले आणि मनात आले की ही चालू आहे तोवर आप्पा दुसरी गाडी घेऊ देणार नाहीत. मग मी गाणी लावली. साधारण वीस किलोमीटर तो दिवा माझ्यासमोर जळत होता. हे मी चूक किंवा निष्काळजीपणा म्हणून लिहीत नाही. मी ते इंजिन मारले. हे लिहिताना मला लाज वाटते.

८. एवढ्यावर थांबले असते तर फक्त गाडीचे नुकसान झाले असते. परंतु आप्पांनी त्याच्या दोन दिवस आधीच ऑईल बदलले होते. गाडी टो करून खळ्यात आणली तेव्हा ते पडवीतून उतरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “बोल्ट ढिला ऱ्हायला व्हता काय रे?” चेंबरच्या खाली तेल सोडायचा जो बोल्ट असतो, त्याबद्दल ते विचारत होते. मी काहीच बोललो नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले आणि मग त्यांनीच मान हलवली.

९. चार दिवसांनी रघू मेस्त्रींनी चेंबर खोलले. बोल्ट घट्ट होता. इतका की पाना चालेना, त्यावर पाईप घालून जोर लावावा लागला. खालच्या तांब्याच्या वायसरचा, म्हणजे चकतीचा, दाबून पार पापड झाला होता. चेंबरला मात्र बाजूला बोटभर चीर होती. मेस्त्री म्हणाले, “आप्पांचा काय एक चुकला नाय. जावन सांग त्येंना.” मी म्हटले, सांगतो. तो बोल्ट मी कागदात गुंडाळून खिशात घातला. सांगितले नाही. मेस्त्रींना वाटते मी सांगितले आहे.

१०. तेव्हापासून आप्पा पाना हातात घेत नाहीत. गोठ्याची कडी लावली तरी माझी पत्नी राही हिला बोलावून दोनदा बघायला लावतात. लोणच्याच्या बरणीचे झाकण तिलाच फिरवायला सांगतात. “माज्या हातावर इसवास नको,” म्हणतात. पडवीत बसताना आता ते खळ्याकडे पाठ करून बसतात, म्हणजे गाडी दिसू नये. राही मला म्हणाली, “तुमी दोगा बापलेक गाडीवरना भांडायचात ता बरा व्हता. आता घरात कोन कोनाशी बोलत नाय.” तिलाही मी खरे सांगितलेले नाही.

११. अखेर माघात आप्पांनीच हट्ट धरला की ग्रामदेवतेला कौल लावायचा. आपण बदलीने आला असाल तर पद्धत सांगतो. गुरव देवाच्या अंगावर पाण्याने पाकळ्या चिकटवतात आणि प्रश्न घालतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या वाडीत विहिरीपासून लग्नापर्यंत बरेच काही असे ठरते. गाऱ्हाणे घालायलाही ठरलेला क्रम असतो, कोणी कोणासाठी काय मागितले हे स्पष्ट बोलावे लागते. आपल्या कार्यालयाच्या नमुन्यापेक्षा तो फार वेगळा नाही.

१२. दुसरी गाडी घ्यावी का, असा पहिला प्रश्न घातला. डावी पडली. इंजिन बदलावे का, असा दुसरा. डावी पडली. गाडीचा धंदाच सोडावा का, असे आप्पांनी विचारायला लावले. तीही डावीच पडली. देवळात वीस-पंचवीस माणसे होती (रघू मेस्त्री त्या दिवशी चिपळुणात होते), त्यांतली काही हसली. गुरव हसले नाहीत. ते म्हणाले, “प्रश्नात खोट हाय. खरा काय ता समोर येवं दे, मंग इचारा.”

१३. मी नारळ हातात घेऊन उभा होतो. गुरव माझ्याकडे बघत नव्हते, कोणीच बघत नव्हते. तेवढ्यात आप्पा पुढे झाले. वय वर्षे चौऱ्याहत्तर. त्यांनी टोपी काढली, हात जोडले आणि सगळ्या गावासमोर बोलले, “महाराजा, बोल्ट माज्याच हातानं ढिला ऱ्हायला. गाडी मी मारली. माज्या पोराला त्याचा तरास नको.” शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले. बोल्ट माझ्या खिशात होता. मी तेव्हाही बोललो नाही.

१४. गुरवांनी पुन्हा पाकळ्या लावल्या. या वेळी एकही पडली नाही. लोक दुपारपर्यंत थांबले, मग जेवायला गेले. पाकळ्या वाळून तशाच चिकटून होत्या. मी देवभोळा नाही. पाणी कमी झाले असेल, असेही होते. पण तीन महिन्यांत माझ्या गप्प राहण्याची दखल घेणारे तेवढे एकच ठिकाण मला भेटले, आणि त्यानंतर आपल्या नमुन्यातील तो रकाना.

१५. मला ती दुसरी गाडी आता नको आहे, असे मी म्हणणार नाही. पॉवर स्टिअरिंग कोणाला नको असते. परंतु आमची गाडी भंगारात गेली तर आप्पांनी ती मारली हे गावाच्या तोंडी कायमचे राहील, आणि ते स्वतःही तेच धरून जातील. नवे इंजिन बसले, आणि त्याच्या चेंबरचा बोल्ट आप्पांनी स्वतःच्या हाताने आवळला, तरच यातले काही परत येण्यासारखे आहे. मी इंजिन बदलू म्हणतो ते यासाठी. ‘कारण’ या रकान्यात हे बसत नाही. कोरा नमुना हातात देताना मॅडम म्हणाल्या होत्या की जागा पुरत नसेल तर वेगळा अर्ज जोडा. तो हा अर्ज आहे.

१६. सबब विनंती की,

(अ) सोबतच्या कागदपत्रांवरून इंजिन बदलण्यास पूर्वपरवानगी मिळावी. आंब्याच्या पेट्या सुरू होण्यापूर्वी मिळाल्यास उपकार होतील.

(आ) ‘कारण’ या रकान्यात ‘अर्जदाराने लाल दिवा पाहूनही गाडी थांबवली नाही’ असे नमूद करावे. ‘जीर्ण’ हा शब्द कुठेही येऊ नये. यासाठी काही दंड होत असल्यास तो माझ्या नावे व्हावा.

(इ) इंजिन बसवल्यानंतर तपासणीस गाडी आणताना आप्पा सोबत येतील. पासिंगला यायचे म्हणजे ते इस्त्रीची खाकी घालतात आणि आदल्या दिवशी गाडी धुतात. पूर्वी एका साहेबांनी त्यांना म्हटले होते, “तुमची गाडी न बघता पास केली तरी चालेल, पण बघायला बरी वाटते म्हणून बघतो.” हे ते आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. साहेबाच्या शब्दावर त्यांचा फार विश्वास आहे. तरी त्या वेळी आपण या अर्जातील मुद्दे ६ ते ९ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावेत.

१७. वरील मुद्दा (इ) मी खोडला असून खाडाखोडीवर सही केली आहे. अर्ज पहिल्यापासून वाचून पाहिला तेव्हा लक्षात आले की आप्पा देवळात स्वतः पुढे झाले होते. त्यांनी न केलेली गोष्ट कबूल केली, तीही दुसऱ्या कोणाच्या तोंडून वदवून घेतली नाही. मी केलेली गोष्ट सांगायला सरकारी अधिकारी मागतो आहे. ही आपल्या खात्याकडून करून घ्यायची कामे नव्हेत.

१८. आपण मला ओळखत नाही, म्हणून एवढे लिहिता आले. ओळखणाऱ्या माणसाला सांगणे याहून अवघड आहे, आणि ते अजून व्हायचे आहे. मला भीती वाटते आहे.

उशिरा का होईना, खरे लिहून सही करणारा,
आपला नम्र,

(सही)
स्वरूप आत्माराम गोताड
ठिकाण : कातळगाव
दिनांक : ४ मार्च २०२५

प्रत माहितीसाठी :
श्री. आत्माराम गोताड (आप्पा), राहते घर, पडवी. डोळ्यांमुळे त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवीन आणि त्यानंतरच अर्ज खिडकीवर देईन. तरी हा अर्ज आपल्या हाती पडला असल्यास तो आप्पांना वाचून झाला आहे, असे समजावे.

सोबत जोडलेली कागदपत्रे :
१) नोंदणी पुस्तकाची प्रत.
२) बसवावयाच्या इंजिनाचे विक्रेत्याचे दरपत्रक व मूळ गाडीची कागदपत्रे.
३) विहित नमुना. कारणाचा रकाना कोरा.
४) फुटलेल्या चेंबरचे दोन फोटो, रघू मेस्त्रींच्या सहीसह.
५) चेंबरचा बोल्ट, तांब्याच्या वायसरसह. (जोडलेला नाही. आप्पांनी हातात घेतला, अंगठ्याने वायसर चाचपला आणि परत दिला नाही.)